तयार साच्यावरून नवे वेब ॲप्लिकेशन कसे सुरू करावे

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीची नवी लागवड दोन तऱ्हांनी होते. काही शेतकरी जुन्या बागेतले कंद काढून लावतात, तर काही जण प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूकल्चरची रोपे आणतात. कंद स्वस्त पडतात, पण जुन्या बागेतला रोग आणि सूत्रकृमी त्यांच्याबरोबर नव्या वावरात येण्याचा धोका असतो. टिश्यूकल्चरचे रोप स्वच्छ आणि एकसारखे असते, परंतु ते कोवळे असल्यामुळे आपल्या मातीत रुजेपर्यंत त्याला जपावे लागते. शिवाय ज्या मातृझाडापासून ते तयार केले त्यातच दोष असेल, तर तो सगळ्या रोपांत उतरतो. नवे वेब ॲप्लिकेशन सुरू करणाऱ्यापुढेही असेच दोन मार्ग असतात: जुन्या प्रकल्पाचा फोल्डर उचलून त्यातच फेरफार करायचे, किंवा पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणून मुद्दाम तयार केलेल्या साच्यावरून, म्हणजेच टेम्प्लेटवरून, सुरुवात करायची.

मी स्वतः सुरुवातीला पहिला मार्ग धरला होता. एका बी-बियाण्यांच्या दुकानासाठी केलेले काम फोल्डरसकट उचलून मी एका संस्थेच्या हिशेबासाठी वापरायला घेतले. नावे बदलली, रंग बदलले, परंतु ईमेल पाठवण्याच्या सेटिंग्ज आणि पावतीची प्रत कोणाला जावी याची यादी जुनीच राहिली. चाचणी म्हणून काढलेल्या पावत्या दोन दिवस त्या दुकानदाराकडे जात होत्या आणि ही गोष्ट त्यांनीच फोन करून सांगितली. पैशांचे नुकसान झाले नाही, पण दुसऱ्याचा हिशेब तिसऱ्याच्या हाती पडणे ही साधी चूक नव्हे. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार येथे महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा नुकतेच काम सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तोच प्रसंग आहे.

उदाहरण म्हणून आपण एक छोटी प्रणाली डोळ्यांसमोर ठेवू. केळी उत्पादकांच्या एका संस्थेला रोजच्या आवकेची नोंद ठेवायची आहे: कोणत्या शेतकऱ्याचा माल, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेचा की पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेचा, काट्यावर किती क्विंटल भरला, त्या दिवशीचा भाव काय होता आणि शेतकऱ्याला किती रक्कम देणे आहे. तंत्र म्हणून पायथन भाषेतली जँगो ही चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, घेतली आहे. लारावेल किंवा रेल्स या दुसऱ्या चौकटी वापरणाऱ्यांनाही पायऱ्या जवळपास याच क्रमाने चढाव्या लागतात, फक्त फायलींची नावे निराळी असतात. संगणकावर आज्ञा रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार लिहिल्या आहेत.

पहिली पायरी संगणकावर नाही, कागदावर आहे. संस्थेत जाऊन सध्याची वही पाहावी. काटापावतीवर कोणते रकाने आहेत, हिशेबपट्टी कोण लिहिते, दांड्याचे वजन कधी वजा होते आणि चूक झाली तर खाडाखोड कोण करू शकतो, हे सगळे टिपून घ्यावे. साच्यात लॉगिन, ईमेल, अहवाल, ऑनलाइन भरणा अशा अनेक सोयी आधीच भरलेल्या असतात आणि त्या पाहून आपल्याला हे सगळे हवेच आहे असे वाटू लागते. हाती कागद असला, तर साचा आपल्या कामाला जुळवता येतो. नसला, तर आपले काम साच्याला जुळवले जाते.

दुसरी पायरी साचा निवडण्याची. साचे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे चौकटीबरोबरच येणारा सांगाडा: जँगोमध्ये ‘स्टार्टप्रोजेक्ट’ ही आज्ञा दिली की मोजक्या फायलींचा कोरा प्रकल्प तयार होतो, आणि याच आज्ञेला ‘टेम्प्लेट’ हा पर्याय जोडून दुसऱ्या कोणाच्या साच्याचा फोल्डर किंवा पत्ता देता येतो. दुसरा प्रकार गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील टेम्प्लेट रिपॉझिटरीचा, म्हणजे साचा म्हणून खूण केलेल्या प्रकल्प-संग्रहाचा; ही सोय गिटहबने २०१९ मध्ये दिली. तिसऱ्या प्रकारात एखादे साधन आपल्याला प्रश्न विचारते आणि उत्तरांनुसार प्रकल्प घडवते. पायथनच्या जगात २०१३ पासून असलेले कुकीकटर हे त्याचे परिचित उदाहरण आहे. प्रकल्पाचे नाव काय, टाइम झोन कोणता, परवाना कोणता, असे ते विचारते आणि उत्तरे योग्य जागी भरते.

नवख्याने यांपैकी काय घ्यावे याबद्दल माझे मत ठाम आहे. आयुष्यातला पहिला प्रकल्प कोऱ्या सांगाड्यावरच करावा, कारण सांगाडा स्वतः भरल्याशिवाय दुसऱ्याने भरलेला साचा वाचता येत नाही. दुसऱ्या प्रकल्पापासून साचा जरूर घ्यावा, पण तो एका बैठकीत वाचून होईल एवढाच असावा. शेकडो फायलींचा आणि पंचवीस सोयींचा साचा पाहून छाती दडपते, आणि पुढे एखादी गोष्ट बिघडली की दोष आपल्या लिखाणात आहे की साच्यात, हेच कळत नाही.

साचा घेण्यापूर्वी त्याच्या पानावर तीन गोष्टी तपासाव्यात. शेवटचा बदल कधी झाला हे पाहावे. दोन-तीन वर्षे हात न लागलेला साचा टाळावा. तो जँगोच्या कोणत्या आवृत्तीवर आहे हे पाहावे. जँगोच्या ज्या आवृत्त्यांना दीर्घकालीन आधार मिळतो, त्यांना साधारण तीन वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, ४.२ ही आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली आणि ५.२ ही एप्रिल २०२५ मध्ये. संस्थेसारख्या ठिकाणी एकदा बसवलेली प्रणाली वर्षानुवर्षे चालते, म्हणून तेथे दीर्घकालीन आधाराचीच आवृत्ती घ्यावी. तिसरी गोष्ट परवान्याची. एमआयटी परवान्याचा साचा व्यावसायिक कामातही वापरता येतो, फक्त परवान्याचा मजकूर आणि स्वामित्वाची सूचना कायम ठेवावी लागते. जीपीएल परवान्याच्या अटी अधिक बांधणाऱ्या असतात. आणि परवान्याची फाईलच नसेल, तर सर्वांना दिसतो म्हणून तो वापरण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

तिसऱ्या पायरीत प्रत्यक्ष प्रत काढायची. गिटहबवर साच्याच्या पानावर ‘यूज धिस टेम्प्लेट’ असे बटण असते. ते दाबून नव्या रिपॉझिटरीला नाव द्यावे आणि ती खासगी ठेवावी. अनेक नवखे येथे ‘फोर्क’चे बटण दाबतात. फोर्क केला की मूळ प्रकल्पाचा सगळा इतिहास आपल्याकडे येतो आणि मूळ प्रकल्पाशी दुवा कायम राहतो, कारण ती सोय मूळ प्रकल्पात सुधारणा पाठवण्यासाठी आहे. टेम्प्लेटवरून काढलेल्या प्रतीचा इतिहास मात्र एकाच कमिटपासून, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीपासून, सुरू होतो. संस्थेच्या कामाला अशीच कोरी वही हवी.

नावाबाबत एक सूचना. जँगो प्रकल्पाच्या नावात मधली आडवी रेघ चालत नाही, कारण ते नाव पायथनमध्ये ओळखनाम म्हणून वापरले जाते. शब्द जोडायचेच असतील तर खालची रेघ वापरावी. ‘टेस्ट’ किंवा ‘जँगो’ अशी नावेही देऊ नयेत, ती पायथनच्या किंवा चौकटीच्या स्वतःच्या नावांशी भिडतात.

यानंतर प्रत आपल्या संगणकावर क्लोन करावी, म्हणजे उतरवून घ्यावी, या प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवणारे पायथनचे आभासी वातावरण तयार करावे, लागणारी पॅकेजेस बसवावीत आणि साच्याच्या ‘रीडमी’ फाईलमधील सूचना जशाच्या तशा पाळून तो चालवून पाहावा. घरी इंटरनेट फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मिळत असेल, तर पॅकेजेस उतरवण्याचे काम महाविद्यालयात किंवा कार्यालयात आधीच उरकून घ्यावे. एकही अक्षर बदलण्यापूर्वी साचा मुळात चालतो हे डोळ्यांनी पाहणे अत्यंत आवश्यक आहे. ब्राउझरमध्ये ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पहिले पान दिसले, साच्याबरोबर आलेल्या चाचण्या पार पडल्या, की पुढे जे काही बिघडेल ते आपल्या बदलामुळे बिघडले आहे एवढे तरी निश्चित होते. येथे मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसमधले तक्ते घडवणारी पायरी, चालवावे लागले, तर तयार होणारा डेटाबेस फक्त पाहण्यापुरता समजावा आणि पाहून झाल्यावर पुसून टाकावा. याचे कारण थोड्याच वेळात येईल.

चौथी पायरी गुप्त गोष्टींची. साच्यात आलेली प्रत्येक चावी, पासवर्ड आणि पत्ता परका समजावा. जँगोच्या सेटिंग्जमध्ये ‘सीक्रेट की’ नावाची एक लांबलचक अक्षरमाळ असते. लॉगिनच्या सत्रांवरील आणि पासवर्ड बदलण्यासाठी पाठवलेल्या दुव्यांवरील सही तिच्या आधारे होते. ती साच्यातलीच राहिली, तर तो साचा पाहिलेल्या कोणालाही ती ठाऊक असते. म्हणून नवी चावी तयार करून ती ‘डॉट ईएनव्ही’ या फाईलमध्ये ठेवावी, आणि ती फाईल ‘गिटइग्नोर’च्या, म्हणजे गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनाने वगळायच्या फायलींच्या, यादीत आहे ना, हे पहिल्या कमिटच्या आधी पाहावे. बहुतेक चांगल्या साच्यांत तिची एक नमुना फाईल असते, जिच्यात फक्त नावे असतात आणि त्यांच्यापुढची जागा रिकामी असते; नमुना कमिट करावा, खरी फाईल कधीही करू नये. चुकून खरी फाईल गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून उपयोग होत नाही. गिट जुना इतिहास जपून ठेवतो आणि ती चावी तेथे वाचता येते, त्यामुळे अशा वेळी चावीच बदलावी लागते.

मग संपूर्ण प्रकल्पात शोध घेऊन साच्याच्या मूळ लेखकाचे नाव, ईमेल, संकेतस्थळाचा पत्ता आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कोठे कोठे आहे ते पाहावे आणि एकेक बदलावे, अर्थात परवान्याची फाईल सोडून. माझी चूक याच ठिकाणी झाली होती. हा शोध घ्यायला फार तर अर्धा तास लागतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या पायरीकडे येऊ, कारण ती चुकली तर नंतर दुरुस्त करणे फार जड जाते. वापरकर्त्याची नोंद, म्हणजे यूजर मॉडेल, कोणत्या स्वरूपाची असावी हे खरा डेटाबेस तयार होण्याआधी ठरवावे लागते. जँगोचे स्वतःचे यूजर मॉडेल वापरनाम आणि पासवर्ड यांवर चालते. पण आपल्या संस्थेच्या काट्यावर बसणाऱ्या माणसाला वापरनाम लक्षात ठेवायचे नसते, आणि अनेक शेतकऱ्यांना ईमेल उघडण्याची सवय नसते. त्यांची खरी ओळख मोबाइल क्रमांकाने होते. मोबाइल क्रमांकाने लॉगिन हवे असेल, तर स्वतःचे यूजर मॉडेल लिहून ‘ऑथ यूजर मॉडेल’ या सेटिंगमध्ये त्याचे नाव पहिल्या मायग्रेशनच्या आधी द्यावे. जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातही नव्या प्रकल्पासाठी स्वतःचे यूजर मॉडेल आरंभीच करून ठेवण्याची पद्धत दिलेली आहे, मग सध्या त्यात एकही जादा रकाना नसला तरी हरकत नाही. एकदा तक्ते तयार झाले की इतर तक्त्यांचे दुवे त्या मॉडेलकडे जातात, आणि ते सगळे हाताने सोडवून पुन्हा जोडणे हे अनुभवी माणसालाही नको वाटणारे काम आहे. पाहण्यापुरता केलेला डेटाबेस पुसायला सांगितला तो एवढ्यासाठीच.

नावाचे रकानेही याच वेळी पाहावेत. साच्यात सहसा ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने असतात. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लागतात, आणि मधला भाग गाळला तर रावेर-यावलच्या गावांत एकाच नावाचे दोन पाटील, चौधरी किंवा महाजन सापडायला वेळ लागत नाही. नावावरून शेतकरी ओळखण्याचा कोणताही तर्क प्रणालीत ठेवू नये. प्रत्येक सभासदाला क्रमांक द्यावा आणि हिशेब त्या क्रमांकावर चालवावा. त्याच वेळी कोणती माहिती मागू नये हेही ठरवावे. साच्यात जन्मतारीख किंवा पूर्ण पत्ता मागणारा अर्ज असला आणि आवकेच्या नोंदीला त्याची गरज नसली, तर तो रकाना काढून टाकावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचा रोखही हाच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली, त्या कामापुरतीच ती असावी.

सहावी पायरी भाषा, वेळ आणि आकडे यांची. नव्या जँगो प्रकल्पात भाषा अमेरिकन इंग्रजी आणि टाइम झोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, असा ठरवलेला असतो. तो बदलून भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ असा करावा. ही बाब वरवरची वाटते, परंतु आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे साडेतीन वाजता काट्यावर लागलेल्या ट्रकची नोंद यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी रात्री दहाची ठरते. भाव रोजच्या रोज बदलतो, त्यामुळे तारीख एका दिवसाने मागे गेली की शेतकऱ्याच्या हाती चुकीच्या भावाची हिशेबपट्टी पडते. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच साठवली जाते आणि ते योग्यच आहे. दाखवताना आणि दिवसाची बेरीज करताना ती आपल्या वेळेत यायला हवी.

पैसे आणि वजन यांच्यासाठी दशांश प्रकारचा रकाना वापरावा, फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नये. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि हिशेबात तो फरक पैशांत दिसू शकतो. रक्कम दाखवताना आपल्याला एक लाखाचा स्वल्पविराम १,००,००० असा हवा असतो. जँगोत अंकांचे गट ठरवणारी सेटिंग आहे, तिला तीन, दोन, शून्य असा क्रम दिला आणि हजारांचे चिन्ह दाखवण्याची सेटिंग चालू केली की ते साधते. मराठी कळफलकावरून कोणी ‘१२३’ असे देवनागरी अंक भरले, तर पायथन ते पूर्णांक म्हणून वाचू शकतो, पण ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला ते संख्या वाटत नाहीत. म्हणून अर्जातली तपासणी देवनागरी अंक भरूनही करून पाहावी. आणखी एक बारीक गोष्ट: पानाच्या मुळाशी भाषेचा संकेत मराठीचा ठेवावा, कारण काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे तो संकेत पाहूनच दाखवतात.

यानंतर नको ते काढून टाकावे. आपल्या कागदावर ऑनलाइन भरणा नसेल, समाजमाध्यमांवरून लॉगिन नसेल, तर साच्यातला तो भाग ठेवू नये. ‘पुढे लागेल’ म्हणून ठेवलेला भाग अद्ययावत ठेवण्याचे काम मात्र आजपासून आपल्या गळ्यात पडते. काढताना एका वेळी एकच सोय काढावी, चाचण्या चालवाव्यात, कमिट करावे आणि मगच पुढच्या सोयीला हात लावावा. एकाच दिवशी पाच सोयी उपटल्या आणि पान उघडेनासे झाले, तर पाचांपैकी कोणती कारण ठरली हे शोधण्यात दुसरा दिवस जातो.

आता आपले स्वतःचे पहिले मॉडेल लिहावे: आवक. सभासद, बागेचा प्रकार, वजन क्विंटलमध्ये, भाव, दिनांक. ते जँगोच्या ॲडमिनमध्ये, म्हणजे नोंदी भरण्याच्या तयार पानांत, दिसू द्यावे आणि वहीतल्या एका दिवसाच्या खऱ्या नोंदी, नावे बदलून, भरून पाहाव्यात. काट्यावर बसणाऱ्या दादांना शेजारी बसवून त्यांच्याकडूनच नोंद भरून घेतली, तर आपल्याला न सुचलेल्या दोन-चार गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत कळतात. एका नोंदीची रक्कम बरोबर येते का, याची एक लहान चाचणीही याच वेळी लिहून ठेवावी.

सर्व्हरवर चढवण्याचे काम शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये. एवढे एकच पान असतानाच ते करावे. डीबग, म्हणजे चुकांचा तपशील पानावर दाखवणारी सोय, बंद आहे आणि मान्य पत्त्यांच्या यादीत फक्त आपला पत्ता आहे हे पाहावे. जँगोची ‘चेक’ ही आज्ञा ‘डिप्लॉय’ या पर्यायासह चालवली की डीबग चालू राहिले असल्यास किंवा चावी कच्ची असल्यास ती इशारा देते. डेटाबेसची रोजची प्रत निघते की नाही, आणि त्या प्रतीवरून डेटाबेस खरोखर पुन्हा उभा राहतो की नाही, हेही एकदा करून पाहावे.

साच्याविषयी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. गिटहबवरून प्रत काढली की साच्याचे आणि आपले नाते तेथेच तुटते. उद्या साच्याच्या लेखकाने सुरक्षेची एखादी त्रुटी दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती आपल्याकडे आपोआप येत नाही. कॉपिअर नावाचे एक साधन साच्यातले नवे बदल जुन्या प्रकल्पात आणून देण्याची सोय करते, परंतु त्यासाठी प्रकल्प मुळात त्याच साधनाने काढलेला असावा लागतो. कॉपिअर न वापरणाऱ्यांनी आपण कोणत्या साच्याच्या कोणत्या कमिटवरून सुरुवात केली हे ‘रीडमी’मध्ये एका ओळीत लिहून ठेवावे आणि दर महिन्याला एकदा त्या साच्यातले बदल वाचावेत.

असे दोन-तीन प्रकल्प झाले की प्रत्येक वेळी आपण तेच बदल करत आहोत हे लक्षात येते: मोबाइल क्रमांकाचे यूजर मॉडेल, नावाचे तीन भाग, कोलकात्याची वेळ, लाखाचा स्वल्पविराम. तेव्हा हे बदल करून ठेवलेली, पण कोणत्याही ग्राहकाची माहिती किंवा चावी नसलेली एक कोरी रिपॉझिटरी तयार करावी, गिटहबवर तिच्या सेटिंग्जमध्ये ‘टेम्प्लेट रिपॉझिटरी’ या चौकोनात खूण करावी, आणि पुढच्या वेळी दूध संस्थेचे किंवा कापसाच्या जिनिंगचे काम आले की तिच्यावरून सुरुवात करावी. सोबत काम करणाऱ्या एखाद्या नवख्याला ती देऊन, केवळ ‘रीडमी’ वाचून त्याला ती चालवता येते का, हे आधी पाहून घ्यावे.